संदर्भ लेख : महिलांचे लघु खाद्यउद्योग – भांडवल, बाजार आणि वेळेवरचे पैसे

मुंबईच्या गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बाईचा हिशेब साधा होता आणि जीवघेणाही. कोकणातून आणि घाटावरून आलेले गिरणी कामगार कुटुंब गावी ठेवून एकेका खोलीत दाटीवाटीने राहत आणि जवळच्या चाळीतील एखाद्या घरी महिन्याच्या बोलीने जेवत. दहा-पंधरा जणांचे दोन वेळचे जेवण रांधणाऱ्या या बाईला पैसे मिळत ते गिरणीचा पगार झाल्यावर. धान्य, तेल, रॉकेल मात्र रोज लागे. वाणी उधारीवर माल देई, पण चढ्या दराने. उधारी थकली की सावकाराचा उंबरठा, आणि तिथे तारण म्हणून मंगळसूत्र किंवा घरातली भांडी. गिऱ्हाईक हमखास होते, हाताला चव होती, कष्टांची तयारी होती. एका पगारापासून दुसऱ्या पगारापर्यंत तगून राहण्याइतके खेळते भांडवल तेवढे नव्हते.

गोव्यात जन्मलेल्या, गोवा मुक्तिसंग्रामात आणि पुढे मुंबईच्या कामगार चळवळीत वावरलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले ते नेमके या उणिवेवर बोट ठेवून. बँकांचे राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झाले होते, दुर्बल घटकांना चार टक्के व्याजाने कर्ज देणारी योजनाही १९७२ पासून अस्तित्वात होती; तथापि बँकेच्या लेखी खानावळवाली ही व्यावसायिक नव्हतीच. तिच्याकडे दुकान नव्हते, जमाखर्चाची वही नव्हती, तारण नव्हते. मंडळाने महिलांचे गट बांधले, एकीची हमी दुसरीने घ्यायची अशी पद्धत घातली आणि राष्ट्रीयीकृत बँकेचे दार उघडून घेतले. बांगलादेशातील जोबरा गावात मुहम्मद युनूस यांनी केलेला आणि पुढे जगभर गाजलेला प्रयोग १९७६ चा आहे, हे येथे सहज नमूद करण्याजोगे. प्रेमाताईंना २००२ मध्ये पद्मश्रीने गौरवण्यात आले.

या कहाणीचा उत्तरार्ध मात्र कमी सांगितला जातो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अडीच लाखांच्या आसपास कामगारांचे वेतन थांबले. अनेक जण गावी परतले. सावकाराच्या पाशातून सुटलेल्या खानावळवालीपुढे आता उलटा प्रश्न होता : कर्ज मिळत होते, पण जेवणारा उरला नव्हता. मंडळाला समारंभांची जेवणे, उपाहारगृहे, प्रशिक्षण अशा वाटांनी नवे गिऱ्हाईक शोधावे लागले.

अल्प उत्पन्न गटातील महिलांना खाद्यव्यवसायात उभे करण्याचे जे जे प्रयत्न देशात गेल्या सहा दशकांत झाले, त्यांचे यशापयश बहुतांशी या दोन गोष्टींपाशी येऊन ठरलेले दिसते. एक, माल विकला जाण्याची खात्री. आणि दोन, त्याचे पैसे हाती पडेपर्यंतचा काळ. पाककौशल्याचे प्रशिक्षण आणि कर्ज या दोन बाबींवर धोरणांचा भर राहिला असला, तरी खरी अडचण बहुधा त्या दोहोंच्या पलीकडे असते.

गच्चीवरचे पापड

श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड या संस्थेचा आरंभ सर्वपरिचित आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातील एका इमारतीच्या गच्चीवर सात महिलांनी पापड लाटले. त्यासाठी छगनलाल करमसी पारेख यांच्याकडून ८० रुपये उसने घेतले होते. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली आणि ती भुलेश्वरच्या एका दुकानदाराने घेतली. पहिल्या वर्षाची विक्री ६,१९६ रुपयांची होती. पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून काम चार महिने बंद ठेवावे लागले. पुढच्या वर्षी या महिलांनी एक खाट आणि एक स्टोव्ह आणला. खाटेवर पापड आणि खाली स्टोव्ह, असे वाळवण भर पावसात सुरू राहिले. १९६२ मध्ये ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. १९६६ मध्ये संस्था नोंदणीकृत झाली आणि खादी व ग्रामोद्योग आयोगाची मान्यताही त्याच वर्षी मिळाली. आज सुमारे ४५ हजार महिला तिच्या सभासद आहेत. संस्थापकांपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

उसन्या ८० रुपयांची गोष्ट आकर्षक असल्याने ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. अभ्यासण्याजोगी आहे ती कामाची वाटणी. उडदाचे पीठ, हिंग, मिरी यांची खरेदी संस्था घाऊक प्रमाणात करते. पीठ केंद्रावर मळले जाते, त्यामुळे कोणत्याही शाखेतला पापड चवीला सारखा लागतो. सभासद भगिनी सकाळी केंद्रावर येते, आदल्या दिवशी लाटलेले वाळके पापड देते, वजनाप्रमाणे मजुरी घेते आणि मळलेला गोळा घेऊन घरी जाते. म्हणजे तिचे श्रम आणि तिचे पैसे यांत एका दिवसाचे अंतर. तिला कच्च्या मालात पैसे गुंतवावे लागत नाहीत, दुकानदाराच्या उधारीची वाट पाहावी लागत नाही, खपला न गेलेला माल तिच्या पदरात पडत नाही. लाटणे घरी होते, म्हणून मुलांकडे लक्ष राहते. प्रवेशाच्या वेळी घर पाहिले जाते : जागा स्वच्छ आहे का, पापड वाळत घालायला पुरेशी आहे का. शिक्षण, जात, धर्म विचारला जात नाही. नफ्यात प्रत्येकीचा वाटा असतो, आणि देणगी घ्यायची नाही हा निर्णय संस्थापकांनी आरंभीच घेतला होता.

या रचनेला मर्यादाही आहे, आणि ती लपवण्याचे कारण नाही. लिज्जतची भगिनी सहमालक असली तरी स्वतंत्र उद्योजक नाही. तिचे उत्पन्न ती किती लाटते यावरच बेतलेले राहते. ज्या बाईला स्वतःच्या नावाचा मसाला बाजारात आणायचा आहे, तिला ही वाट पुरी पडत नाही. परंतु घरात शिल्लक नसलेल्या बाईने बाजाराची जोखीम एकटीने अंगावर घ्यावी, ही अपेक्षा कितपत रास्त आहे हाही प्रश्न आहेच.

एका किलोचा हिशेब

एकटीने व्यवसाय करणाऱ्या महिलेचे गणित कसे असते हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू. समजा, एक महिला रोज दहा किलो चिवडा करून परिसरातील दुकानांत देते. किलोमागे कच्चा माल ११० रुपये, गॅस व वीज १५, पिशवी व लेबल १०, पोहोचवण्याचा खर्च ५, एकूण १४०. दुकानातील विक्रीची किंमत २०० रुपये. दुकानदार २० टक्के म्हणजे ४० रुपये कापून घेतो. तिच्या हाती १६० रुपये येतात आणि मागे उरतात २० रुपये. दहा किलोंचे २००. यात चिरणे, तळणे, भाजणे, निवडणे, भरणे आणि दुकानोदुकानी फिरणे हे सात-आठ तासांचे काम आले. २०२४-२५ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती.

आता शंभरातल्या पाच पिशव्या न विकल्या जाऊन परत आल्या असे धरू. दिवसाचे ८० रुपये गेले. २०० चे १२० झाले. दुकानदार महिन्याने पैसे देतो असे धरले, तर पहिला पैसा हाती येण्यापूर्वी पंचवीस कामाच्या दिवसांचे ३५ हजार रुपये मालात अडकलेले असतात. ते वार्षिक २४ टक्के व्याजाने उचलले असतील, तर महिन्याला ७०० रुपये व्याज, म्हणजे रोजचे आणखी २८ रुपये वजा.

या गणितात नफा वाढवण्याच्या जागा कुठे आहेत हेही त्यातच दिसते. पाच-दहा जणींनी मिळून घाऊक बाजारातून माल आणला आणि तो दहा टक्के स्वस्त पडला, तर दिवसाला ११० रुपये वाचतात. हा फरक व्याजदर अर्ध्यावर आणण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. प्रदर्शनात किंवा थेट घरपोच विक्रीत दुकानदाराचे ४० रुपये तिच्याकडेच राहतात. मुंबईत भरणाऱ्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात ग्रामीण गटांच्या दुकानांपुढे जी गर्दी दिसते तिचे अर्थशास्त्र हे असे आहे. पण प्रदर्शन वर्षातून काही दिवस असते. उरलेले दिवस दुकानदाराचेच.

उशिरा मिळणाऱ्या पैशांवर कायद्याचा उपाय आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा, २००६ नुसार सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत, आणि लेखी करारातही जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात; करार नसेल तर ही मुदत १५ दिवसांची आहे. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढीने व्याज लागू होते. यासाठी उद्यम नोंदणी लागते; अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांसाठी जानेवारी २०२३ पासून ‘उद्यम असिस्ट’ हे निराळे पोर्टलही आहे. प्रत्यक्षात गावातल्या चार दुकानांवर गुजराण असलेली महिला त्यांतील एकाविरुद्ध तक्रार करील ही शक्यता कमीच. गटाच्या किंवा महासंघाच्या नावाने केलेल्या व्यवहारात ती थोडी वाढते.

योजनांचे जाळे

केंद्र शासनाच्या माहितीनुसार देशात सुमारे २५ लाख असंघटित अन्नप्रक्रिया उद्योग आहेत. त्यांपैकी जवळपास ६६ टक्के ग्रामीण भागात असून सुमारे ८० टक्के कुटुंबाच्या बळावर चालतात. अन्नप्रक्रिया क्षेत्रातील ७४ टक्के रोजगार या लहान उद्योगांत आहे. लोणची, पापड, कुरडया, मसाले, चटण्या, लाडू, पोळी-भाजी केंद्रे. नावे प्रांतागणिक बदलतात.

बँकेशी जोडणीचा पाया नाबार्डने १९९२ मध्ये घातला. पाचशे बचत गटांना बँकेशी जोडण्याचा तो प्रायोगिक कार्यक्रम होता. जून २०११ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानाने या चळवळीला देशव्यापी चौकट दिली. आज त्याखालील गटांत दहा कोटींहून अधिक महिला आहेत. महाराष्ट्रात हे अभियान ‘उमेद’ या नावाने, बिहारमध्ये ‘जीविका’, कर्नाटकात ‘संजीविनी’ आणि केरळमध्ये १९९८ पासूनच्या ‘कुटुंबश्री’मार्फत चालते. राज्याबाहेर राहणाऱ्या मराठी वाचकांना ही नावे उपयोगी पडावीत, कारण अर्ज निवासाच्या राज्यातील यंत्रणेकडे करावा लागतो. महाराष्ट्रात याखेरीज १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजेच ‘माविम’, गटबांधणीचे काम करते. ग्रामीण महिला गटांना तीन लाख रुपयांपर्यंतचे कर्ज सात टक्के व्याजाने मिळण्याची तरतूद आहे.

खास खाद्यउद्योगांसाठीची योजना म्हणजे २९ जून २०२० रोजी जाहीर झालेली प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. मूळ आराखडा २०२०-२१ ते २०२४-२५ या काळासाठी, दहा हजार कोटी रुपयांचा आणि दोन लाख उद्योगांचा होता. वैयक्तिक उद्योगाला पात्र प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, कमाल दहा लाख रुपये अनुदान मिळते; किमान दहा टक्के रक्कम उद्योजकाने स्वतः घालायची असते आणि उरलेले बँकेचे कर्ज. येथे दोन बारकावे ध्यानात घेतले पाहिजेत, कारण त्यांवरून गैरसमज फार होतात. अनुदान कर्जाशी निगडित आहे : बँकेने कर्ज नाकारले तर अनुदानही नाही. शिवाय ते हातात पडत नाही. ते कर्जखात्याशी जोडून बँकेत ठेवले जाते आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यानंतर तीन वर्षे खाते नियमित राहिले व उद्योग चालू असला, तरच कर्जातून वळते केले जाते. हा पैसा मुख्यतः यंत्रे आणि प्रक्रियेला लागणाऱ्या बांधकामासाठी आहे. वरच्या उदाहरणातील चिवडेवालीचे अडकलेले ३५ हजार त्यातून सुटत नाहीत.

त्यासाठी याच योजनेत दुसरी तरतूद आहे, तिचा बोलबाला कमी झाला असला तरी. अन्नप्रक्रियेचे काम करणाऱ्या बचत गटातील प्रत्येक सभासदामागे ४० हजार रुपयांपर्यंतचे बीज भांडवल खेळते भांडवल आणि लहान अवजारांसाठी मिळू शकते. ही रक्कम गटाच्या महासंघाला अनुदान म्हणून येते आणि महासंघ ती सभासदांना परतफेडीच्या बोलीवर देतो. परत आलेले पैसे पुढच्या सभासदाला मिळतात. यंत्रावरील लाखोंच्या अनुदानापेक्षा हे ४० हजार अधिक स्त्रियांच्या नेमक्या गरजेला पुरे पडतात, असे मानायला जागा आहे.

मुद्रा योजना (एप्रिल २०१५) आणि फेरीवाल्यांसाठीची पीएम स्वनिधी (जून २०२०) यांतूनही खाद्यव्यवसाय करणाऱ्या अनेक महिला कर्ज घेतात. मुद्रातील ‘शिशु’ वर्गात ५० हजारांपर्यंत कर्ज तारणाविना मिळते.

हप्ता केव्हापासून

कर्जाच्या रकमेइतकाच त्याच्या परतफेडीचा ठेका महत्त्वाचा असतो, हे कोलकात्यात झालेल्या एका प्रयोगाने दाखवले. सूक्ष्म वित्त संस्थांच्या प्रचलित पद्धतीत कर्ज हाती आल्यावर थोड्याच दिवसांत हप्ते सुरू होतात. एरिका फील्ड, रोहिणी पांडे, जॉन पॅप आणि नताल्या रिगोल यांनी काही कर्जदार महिलांना दोन महिन्यांची सवलत मिळेल अशी व्यवस्था केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सवलत मिळालेल्या महिलांनी नवे व्यवसाय अधिक प्रमाणात सुरू केले आणि काही वर्षांनंतरही त्यांचा नफा इतरांहून ठळकपणे अधिक होता. मात्र त्यांच्यात थकबाकीही वाढली. कर्ज देणाऱ्या संस्था लगेचच्या हप्त्यावर अडून का बसतात, याचे उत्तर त्यातच आहे. लोणच्यासारखा माल मुरायलाच काही आठवडे घेतो. त्यावर आठव्या दिवशी हप्ता मागणे म्हणजे बाईला लोणच्याऐवजी रोज संध्याकाळी विकली जाणारी भजी करायला भाग पाडणे.

अहमदाबादेत सेवा बँकेच्या महिला ग्राहकांवर झालेला दुसरा अभ्यास प्रशिक्षणाविषयी आहे. (इला भट यांच्या ‘सेवा’ची स्थापना १९७२ ची, बँकेची १९७४ ची.) दोन दिवसांच्या व्यवसाय प्रशिक्षणाला काही महिलांना एकटीने, तर काहींना मैत्रिणीसह बोलावण्यात आले. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात व्यवसायासाठी कर्ज घेण्याचे आणि व्यवसाय वाढवण्याचे प्रमाण वाढले ते मैत्रिणीसह आलेल्यांत. एकट्या आलेल्यांवर फारसा परिणाम दिसला नाही. स्त्रियांच्या वावरावर सामाजिक बंधने अधिक असलेल्या समाजगटांत हा परिणाम ठळक होता. गावपातळीवर काम करणाऱ्या कार्यकर्तीला यात नवे काही वाटणार नाही. तिला ठाऊक असते की तालुक्याच्या बँकेत दोघी मिळून जातात, एकटी जात नाही.

तिसरे निरीक्षण काहीसे अस्वस्थ करणारे. महिलांना दिलेल्या भांडवलातून त्यांच्या व्यवसायाचा नफा वाढत नाही, असे काही अभ्यासांत दिसत होते आणि त्यावरून महिलांच्या क्षमतेविषयी शंकाही घेतल्या गेल्या. भारत, श्रीलंका आणि घाना येथील माहिती पुन्हा तपासल्यावर २०१९ मध्ये दाखवण्यात आले की पैसा बहुधा नवऱ्याच्या व्यवसायात वळवला जात होता. घरात एकच व्यवसाय असून तो बाईचा असेल, तर तिचा परतावा पुरुषांपेक्षा कमी नव्हता.

शासन हेच गिऱ्हाईक

खात्रीचे आणि मोठे गिऱ्हाईक शोधायचे तर शासनाइतके दुसरे नाही. अंगणवाड्या, शाळा, रुग्णालये, वसतिगृहे यांना रोज अन्न लागते. बिहारमध्ये २०१८ पासून ‘जीविका’च्या महिला रुग्णालयांतील ‘दीदी की रसोई’ चालवू लागल्या. दाखल रुग्णांच्या जेवणाचे पैसे शासनाकडून येतात आणि नातेवाईक व कर्मचारी रोखीने जेवतात. एकाच स्वयंपाकघराला दोन तऱ्हेची गिऱ्हाइके असल्याने एकाकडचे पैसे अडले तरी चूल विझत नाही.

केरळच्या जनकीय हॉटेलांची कथा या संदर्भात वाचण्याजोगी आहे. २०२० पासून कुटुंबश्रीच्या महिलांनी २० रुपयांत जेवण देणारी एक हजाराहून अधिक हॉटेले चालवली. प्रत्येक जेवणामागे राज्य शासन दहा रुपये अनुदान देत असे. टाळेबंदीच्या काळात त्यांचा मोठा आधार झाला. पुढे अनुदान वेळेवर येईना. किराणा उधारीवर आणायचा, जेवण तोट्यात द्यायचे आणि थकबाकीची वाट पाहायची, असे महिने गेले. ऑगस्ट २०२३ मध्ये अनुदान बंद झाले व जेवणाची किंमत ३० रुपये करण्यास मुभा मिळाली. थकीत रकमेसाठी महिलांना तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर आंदोलन करावे लागले. गिरणगावातल्या खानावळवालीने पगाराच्या तारखेची वाट पाहावी, तशीच ही वाट. फक्त पगाराची तारीख ठरलेली असे.

महाराष्ट्रात हा संघर्ष न्यायालयात गेला. सर्वोच्च न्यायालयाने ७ ऑक्टोबर २००४ रोजी, अन्नाच्या हक्कासंबंधीच्या पीयूसीएल प्रकरणात, अंगणवाड्यांच्या पोषण आहारासाठी ठेकेदार नेमू नयेत आणि हे काम शक्यतो गावसमाज, बचत गट व महिला मंडळांमार्फत व्हावे असा आदेश दिला. तरीही राज्यांत महिला मंडळांच्या नावाखाली मोठे पुरवठादार शिरल्याच्या तक्रारी होत राहिल्या. महाराष्ट्राने २०१६ मध्ये घरपोच आहाराच्या पुरवठ्यासाठी काढलेल्या निविदेतील अटी लहान गटांना आपोआप बाहेर ठेवतील अशा होत्या, हा वाद वैष्णोराणी महिला बचत गट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे आला. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी न्यायालयाने ती निविदा रद्द ठरवून नव्याने प्रक्रिया करण्यास सांगितले.

मोठ्या पुरवठादारांच्या बाजूचा युक्तिवाद मात्र निव्वळ बहाणा म्हणून झटकता येत नाही. सहा महिन्यांच्या बाळाचा आहार तयार करताना पोषकांचे प्रमाण, ओलावा, बुरशी, भेसळ यांची काटेकोर तपासणी लागते, आणि ती चार भांड्यांच्या स्वयंपाकघरात सहज होत नाही. त्यावरचे एक उत्तर केरळात आहे. सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या मुलांसाठीचे ‘अमृतम न्यूट्रिमिक्स’ हे गहू, हरभरा डाळ, सोया, शेंगदाणे आणि साखर यांचे भाजके पीठ तेथे कुटुंबश्रीच्या दोनशेहून अधिक लहान केंद्रांत तयार होते. कृती एकच आणि ती कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेच्या साहाय्याने ठरलेली. यंत्रे आणि तपासणी ठरीव. गिऱ्हाईक म्हणजे जवळच्या अंगणवाड्या. चव शाखागणिक बदलू नये म्हणून लिज्जतने पीठ मळण्याचे काम केंद्रावर ठेवले होते, तोच विचार येथे वेगळ्या रूपात दिसतो.

नोंदणी आणि वेळ

नोंदणीची धास्ती अनेकींना असते, ती वस्तुस्थितीपेक्षा मोठी आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ३१ नुसार लहान उत्पादकाला परवान्याऐवजी केवळ नोंदणी पुरते. २०११ च्या नियमावलीत त्यासाठी वार्षिक उलाढालीची मर्यादा १२ लाख रुपये आणि शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवण्यात आले. घरच्या स्वयंपाकघरातून विकणाऱ्यांनाही ती लागते. नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, घटक पदार्थ, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख व मुदत, शाकाहाराचे हिरवे चिन्ह एवढे पाकिटावर असल्याखेरीज मोठी दुकाने माल ठेवत नाहीत. अडचण येते ती गॅसची. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर व्यवसायासाठी वापरण्यास मनाई आहे आणि १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरचा भाव लहान धंद्याला झेपत नाही. दहा किलो चिवडा करणारी बाई या नियमाच्या कोणत्या बाजूला उभी आहे, हे तिला सहसा कोणी सांगत नाही.

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामांत महिलांचे दिवसाला २८९ मिनिटे, तर पुरुषांचे ८८ मिनिटे जातात. मुलांची व वृद्धांची देखभाल त्याहून वेगळी. सकाळी सहाला उठून घरचे आवरल्यावर ऑर्डरीचे काम, असा बहुतेक घरगुती खाद्यव्यवसायांचा दिवस असतो. मळणी, दळण, भाजणी यांची यंत्रे सामाईक केंद्रावर असतील तर त्यातले काही तास मोकळे होतात. सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत अशा सामाईक केंद्रांसाठीही ३५ टक्के अनुदानाची तरतूद आहे.

या योजनेचा अर्ज भरणे, प्रकल्प अहवाल करणे आणि बँकेकडे पाठपुरावा करणे यासाठी जिल्ह्याला साधन व्यक्ती नेमलेल्या असतात. त्यांचे मानधन शासन देते, तेही कर्ज मंजूर झाल्यावर. अर्जदाराने त्यांना काही द्यायचे नसते. महाराष्ट्रात योजनेची जबाबदारी कृषी विभागाकडे असून जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करता येते. बीज भांडवलासाठी मात्र वैयक्तिक अर्ज चालत नाही. ग्रामीण भागात ‘उमेद’च्या प्रभाग किंवा तालुका कार्यालयामार्फत, गटाच्या ठरावासह जावे लागते.